एकाला ऐंशीचा घोडा: पेस किती, नशीब किती?

प्रश्न असा आहे: २०२२ च्या केंटकी डर्बीत, म्हणजे अमेरिकेतल्या तीन वर्षांच्या घोड्यांच्या नावाजलेल्या शर्यतीत, रिच स्ट्राइक हा सगळ्यांत मोठ्या भावाचा, म्हणजे सगळ्यांत कमी पैसे लागलेला घोडा जिंकला. हे आधी ओळखता आलं असतं का, की निव्वळ लॉटरी होती? त्यात काही सेटिंग होतं का? आणि असे घोडे हेरायची काही पद्धत आहे का?

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. ही शर्यत उलटू शकते, फेव्हरिट (सगळ्यांत जास्त पैसे लागलेला घोडा) पडू शकतो, हे आधी दिसत होतं का? आणि ती उलटवणारा घोडा हाच असेल, हे दिसत होतं का? पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी ‘हो’ आहे, दुसऱ्याचं जवळजवळ ‘नाही’. शर्यत झाल्यावर जी विश्लेषणं येतात त्यातली बरीचशी पहिल्याचे पुरावे देतात आणि दुसरं सिद्ध झाल्याच्या थाटात संपतात. तिथे फसू नका.

आधी घडलं काय ते थोडक्यात. ७ मे २०२२, लुईव्हिल, चर्चिल डाउन्स, सव्वा मैल म्हणजे दहा फर्लांग, वीस घोडे. रिच स्ट्राइक मुळात वीसात नव्हताच, राखीव यादीत होता. आदल्या दिवशी सकाळी नावं मागे घ्यायची मुदत संपायच्या जरा आधी इथिरियल रोड हा घोडा काढला गेला आणि याला जागा मिळाली. म्हणून अंगावर आकडा २१, पण गेट विसावं, म्हणजे सगळ्यांत बाहेरचं. शर्यत सुटताना भाव ८०.८० ला १, म्हणजे एका डॉलरवर ८०.८० डॉलर नफा. जिंकला पाऊण लेंग्थने (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी). दोन डॉलरच्या विन तिकिटाला १६३.६० डॉलर मिळाले. डर्बीच्या इतिहासात याहून मोठा भाव एकदाच लागलाय, १९१३ साली डोनरेलला, दोन डॉलरला १८४.९०.

आता घड्याळ बघा, कारण खरी गोष्ट तिथे आहे. पहिला पाव मैल २१.७८ सेकंदांत गेला. डर्बीतला तो आजवरचा सगळ्यांत वेगवान पाव मैल. अर्धा मैल ४५.३६, सहा फर्लांग १:१०.३४, आणि पूर्ण शर्यत २:०२.६१. वजाबाकी करा: शेवटच्या चार फर्लांगांना ५२.२७ सेकंद लागले. पहिले चार फर्लांग सरासरी ११.३४ सेकंदांचे, शेवटचे चार १३.०७ चे. फर्लांगामागे पावणेदोन सेकंदांची घसरण आहे ही. टीव्हीवर रिच स्ट्राइक रॉकेटसारखा आल्याचं दिसतं. प्रत्यक्षात पुढचे घोडे थकून जागेवर आले होते आणि तो त्यांच्यापेक्षा कमी थकला होता. मागून येणारा घोडा शेवटी वेग ‘वाढवतो’ हा डोळ्यांचा भास आहे. मातीच्या ट्रॅकवर दहा फर्लांगांच्या शर्यतीत शेवटी जवळपास सगळेच मंदावतात, फरक असतो तो कोण किती मंदावतो यात.

हा पेस, म्हणजे सुरुवातीचा वेग, आला कुठून? समर इज टुमॉरो आणि क्राउन प्राइड हे दोघेही दुबईहून, मेदानच्या यूएई डर्बीतून आले होते. क्राउन प्राइडने ती जिंकली होती आणि समर इज टुमॉरो तिथे पुढे पळून दुसरा आला होता. गेट क्रमांक बघा: समर इज टुमॉरो ४, मेसियर ६, क्राउन प्राइड ७. पुढे राहायची सवय असलेले तीन घोडे जवळजवळ शेजारी. अशा वेळी कोणताही जॉकी दुसऱ्याला फुकट पुढे जाऊ देत नाही, कारण वीस घोड्यांच्या गर्दीत पहिल्या वळणाआधी जागा गेली की परत मिळत नाही. निकालात समर इज टुमॉरो शेवटचा आला, क्राउन प्राइड तेरावा, मेसियर पंधरावा. ज्यांनी पेस काढला त्यांनीच त्याची किंमत मोजली.

इथपर्यंतचं बरंचसं आधी दिसण्यासारखं होतं. पण लोकांना ते दिसलं तरी पटलं नसतं, आणि त्यालाही कारण होतं. २०१३ पासून डर्बीत जागा गुणांवर मिळायला लागली. त्याआधी छोट्या अंतराच्या शर्यतींत मिळवलेल्या बक्षिसाच्या रकमेवर निव्वळ स्प्रिंटर घोडेही डर्बीत घुसायचे आणि सुरुवातीला जाळपोळ करून जायचे. गुणपद्धतीने ते बाहेर पडले, पेस बहुतेक वर्षी शांत झाला. २०१४ साली अर्धा मैल ४७.३७ ला गेला आणि पुढच्या घोळक्यातला कॅलिफोर्निया क्रोम जिंकला. २०१३ ते २०१८ सलग सहा वर्षं फेव्हरिट जिंकला. त्यामुळे ‘डर्बीत आता मागून येऊन जिंकता येत नाही’ असं जवळपास सूत्रच होऊन बसलं होतं. २०२२ मध्ये वेग स्थानिक स्प्रिंटरांकडून आला नाही, परदेशी घोड्यांकडून आला. अमेरिकन फॉर्म, म्हणजे घोड्यांच्या मागच्या धावांच्या नोंदी, वाचणाऱ्यांना मेदानच्या धावांचा वेग इथल्या आकड्यांत बसवणं अवघड जातं, आणि तिथे गफलत झाली.

मग ‘पेस कोसळला की लांब भावाचा घोडा येतो’ असा नियम करायचा का? अजिबात नको. यासाठी चार डर्बी शेजारी ठेवून बघू.

२००५: अर्धा मैल ४५.३८, सहा फर्लांग १:०९.५९, शेवट २:०२.७५. जिंकला जियाकोमो, एकाला पन्नास. दुसरा क्लोजिंग आर्ग्युमेंट, एकाला सत्तरच्या वर.

२०१३: अर्धा मैल ४५.३३, सहा फर्लांग १:०९.८०, शेवट २:०२.८९. जिंकला ऑर्ब, तोही मागून आला, पण तो फेव्हरिट होता, एकाला पाचच्या आसपास. दुसरा मात्र गोल्डन सोल, एकाला चौतीस.

२०१८: अर्धा मैल ४५.७७, सहा फर्लांग १:११.०१, शेवट २:०४.२०. जिंकला जस्टिफाय. तो मागून आलाच नाही, त्या जीवघेण्या पेसला खेटून पळत होता आणि तरीही टिकला.

२०२२: अर्धा मैल ४५.३६, शेवट २:०२.६१. जिंकला रिच स्ट्राइक.

२०१३ आणि २०१८ ला ट्रॅक पावसाने चिखलाचा होता, २००५ आणि २०२२ ला कोरडा, त्यामुळे सेकंदांची तंतोतंत तुलना करू नये. पण आकृती एकच: सुरुवातीला आग, शेवटी पाय जड. आणि एकाच आकृतीतून चार निकाल निघाले: पन्नासचा घोडा, मागून आलेला फेव्हरिट, पुढेच राहिलेला असामान्य फेव्हरिट आणि ऐंशीचा घोडा. म्हणजे वेगवान पेस मागच्या घोड्यांसाठी दार उघडतो, त्यातून कोण आत शिरेल ते ठरवत नाही. २०२२ मध्ये मागून येणाऱ्यांत झँडन होता, मो डोनेगल होता. पेस ओळखणाऱ्या शहाण्या माणसाने पैसे त्यांच्यावर लावले असते, आणि ते चुकीचंही नव्हतं. झँडन तिसरा आला, मो डोनेगल पाचवा.

आता रिच स्ट्राइककडे वळू. त्याला ऐंशीचा भाव का मिळाला? लोकांनी त्याला नाकारायची कारणं ढीगभर होती. आधीच्या सात धावांत एकच विजय. तोही क्लेमिंग शर्यतीत, म्हणजे जिथे शर्यतीआधीच चिठ्ठी टाकून ठरलेल्या किमतीला कोणीही परवानाधारक घोडा उचलू शकतो. ३०,००० डॉलरला त्याला तसाच उचललेला होता. ट्रेनर एरिक रीड आणि जॉकी सनी लिऑन दोघेही डर्बीसाठी नवे. मागच्या तीन धावा टर्फवे पार्कच्या सिंथेटिक (कृत्रिम पृष्ठभागाच्या) ट्रॅकवर, शेवटची जेफ रूबी स्टेक्स, तिथे तिसरा. आणि वर विसावं गेट.

अशी यादी हातात आली की माझा पहिला प्रश्न असतो: यातली किती कारणं घोड्याच्या पायाबद्दल आहेत, आणि किती त्याच्या पत्त्याबद्दल? क्लेमिंगची किंमत, अनोळखी ट्रेनर, छोट्या रेसकोर्सवरचा जॉकी ही पत्त्याची कारणं झाली. त्यांना अर्थ आहे, पण पैसे लावणारी गर्दी त्यांना जरुरीपेक्षा जास्त वजन देते. पायाबद्दलची कारणं वेगळी काढा. सिंथेटिकवरची धाव मातीवरच्या क्षमतेबद्दल फार कमी सांगते, ना चांगलं ना वाईट. मातीवरचा त्याचा एकमेव विजय याच चर्चिल डाउन्सवर होता आणि तो सव्वासतरा लेंग्थने. मैदान हलकं, म्हणजे बरोबरचे घोडे कमकुवत होते हे खरं, पण हलक्या मैदानातही सतरा लेंग्थ रोज कोणी काढत नाही. शिवाय टर्फवेहून येऊन डर्बी जिंकल्याचं उदाहरण २०११ च्या अ‍ॅनिमल किंगडमचं होतंच.

दुसरी पायाची गोष्ट म्हणजे वंशावळ. बाप कीन आइस, ज्याने २०१५ च्या ट्रॅव्हर्स शर्यतीत तिहेरी मुकुट (डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती) जिंकलेल्या अमेरिकन फेरोला हरवलं होतं, तेही याच सव्वा मैलावर, एकाला सोळा भावाने. आई गोल्ड स्ट्राइक कॅनडाची तीन वर्षं वयाची विजेती घोडी. दोन्ही बाजूंनी स्मार्ट स्ट्राइकचं रक्त: आईचा तो बाप, आणि कीन आइसचा बाप कर्लिन हा त्याचाच मुलगा. म्हणजे दहा फर्लांगांना दम टिकवण्याच्या बाबतीत हा घोडा मैदानातल्या बऱ्याच महागड्या घोड्यांपेक्षा कमी नव्हता. डर्बीच्या दिवशी बहुतेक तीन वर्षांचे घोडे आयुष्यात पहिल्यांदा सव्वा मैल पळतात, त्यामुळे वंशावळीला इतर कोणत्याही दिवसापेक्षा इथे जास्त भाव असतो.

हे सगळं मान्य केलं तरी माझ्या कागदावर तो किती टक्क्यांचा घोडा झाला असता? दोन, फार ताणून अडीच. इथेच ‘ओळखता आलं असतं’ या दाव्याची हवा निघते. हे हिशोबाने दाखवतो.

८०.८० ला १ म्हणजे एक डॉलर लावला तर परत ८१.८० मिळतात. न तोटा न नफा यासाठी घोड्याची खरी शक्यता १ भागिले ८१.८, म्हणजे १.२२ टक्के हवी. चर्चिल डाउन्सवर विन पूलमधून, म्हणजे विनवर लागलेल्या सगळ्या पैशांतून, १७.५ टक्के कपात आधीच होते, त्यामुळे गर्दीचं खरं मत होतं ०.८२५ भागिले ८१.८, म्हणजे जवळपास १ टक्का. तुमच्या मते २ टक्के असतील तर लावलेल्या प्रत्येक डॉलरमागे सरासरी १.६४ परत येतात, धंदा उत्तम. पण खरी शक्यता १ टक्काच असेल तर ०.८२ परत येतात, डॉलरमागे १८ सेंट गेले. म्हणजे सगळा खेळ एका टक्क्याच्या फरकावर. घोडा ३० टक्क्यांचा की २५ चा हे अनुभवी माणूस बऱ्यापैकी सांगू शकतो. १ चा की २ चा हे छातीठोकपणे सांगणारा माणूस एक तर खोटं बोलतो किंवा त्याने स्वतःच्या नोंदी कधी तपासल्या नाहीत. आणि एकंदर अनुभव असा की फार लांब भावाचे घोडे त्यांच्या भावातून दिसतं त्याहीपेक्षा कमी वेळा जिंकतात. गर्दीला मोठ्या बक्षिसाचा मोह असतो, तो सगळ्या लांब घोड्यांवर थोडे जास्त पैसे ओततो.

राहिला मार्ग. मला विचाराल तर या विजयातला सगळ्यांत मोठा नशिबाचा वाटा इथे आहे. वळणावर घोडा रेलपासून (आतल्या कठड्यापासून) जितका बाहेर, तितकं त्याला जास्त पळावं लागतं. एका घोड्याची जागा तीन फूट धरली तर अर्धवर्तुळाच्या वळणावर प्रत्येक जागेमागे साधारण साडेनऊ फूट जास्त, म्हणजे लेंग्थभर किंवा थोडं वरच. चर्चिल डाउन्सवर दहा फर्लांगांत अशी दोन वळणं. दोन्ही वळणं पाचव्या जागेवरून पळालेला घोडा रेलवाल्यापेक्षा आठ-नऊ लेंग्थ जास्त पळतो. विसाव्या गेटचा घोडा सहसा असाच बाहेर लटकतो. रिच स्ट्राइकच्या बाबतीत उलट झालं. तो सुरुवातीला इतका मागे होता की लिऑनला सगळ्यांच्या पाठीमागून तिरकं येऊन रेल गाठता आली. अर्ध्या मैलावर तो अठरावा होता, पण आतल्या बाजूने, जमीन वाचवत.

आणि मग ते शेवटचं सरळ, १२३४ फूट. रेलवर पुढे थकलेला मेसियर भिंतीसारखा उभा. लिऑनने घोडा जराही न अडवता त्याच्या बाहेरून काढला आणि लगेच परत आत रेलवर आणला. बाहेर एपिसेंटर (शेवटी दुसरा आलेला) आणि झँडन एकमेकांकडे बघत झुंजत होते, आतून येणाऱ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. त्या क्षणी मेसियरच्या शेजारी आणखी एक घोडा असता, तर लिऑनला लगाम खेचावा लागला असता. लगाम एकदा खेचला की घोड्याची लय तुटते आणि दोन-तीन लेंग्थ सहज जातात. जिंकायचं अंतर होतं पाऊण लेंग्थ. ती वाट मोकळी मिळेल हे कोणत्याही फॉर्ममध्ये छापलेलं नसतं. पण वाट मिळाल्यावर थकल्या घोड्याच्या मागून बाहेर आणि परत आत हे इतक्या सफाईने करणं हे जॉकीचं काम आहे, त्याला नशीब म्हणू नका.

सेटिंगबद्दल थोडक्यात. हा टोटचा भाव आहे. तो कोणी ठरवत नाही, लोकांनी लावलेल्या पैशांतून तो निघतो. कोणाला आधी माहीत असतं तर त्याचे पैसे पूलमध्ये पडून भाव खाली आला असता. सकाळच्या अंदाजात हा घोडा एकाला तीस होता आणि पुढे ऐंशीपर्यंत वर गेला. पैसे त्याच्यापासून दूर पळत होते. रिच स्ट्राइक–एपिसेंटर या एक्झॅक्टाला, म्हणजे पहिले दोन घोडे क्रमाने सांगणाऱ्या तिकिटाला, दोन डॉलरवर ४,१०१.२० डॉलर मिळाले, म्हणजे तिथेही कोणी मोठा हात मारलेला दिसत नाही. आणि पहिला पाव मैल २१.७८ ला न्यायला तीन देशांतल्या तीन तबेल्यांना पटवणार कोण?

इतकं झाल्यावर पद्धतीचा प्रश्न. हे परिस्थितीवर अवलंबून आहे, कारण धक्के एकाच जातीचे नसतात. २००९ चा माइन दॅट बर्ड, एकाला पन्नास, चिखलाच्या ट्रॅकवर कॅल्विन बोरेलने रेल धरून पावणेसात लेंग्थने काढला. तिथे ट्रॅकने मोठं काम केलं. २००२ च्या बेलमाँटमध्ये फेव्हरिट वॉर एम्ब्लेम गेटमधून निघतानाच अडखळला आणि एकाला सत्तरचा सारावा जिंकला. तो अपघाताचा धक्का, त्याचा अभ्यास होत नाही. १९९३ च्या ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये आर्कांग हा गवतावरचा फ्रेंच घोडा पहिल्यांदाच मातीवर उतरला आणि एकाला १३३ ने जिंकला. तिथे गर्दीला घोडा कमकुवत वाटला असं म्हणण्यापेक्षा तो काय आहे हेच कळत नव्हतं. पेसचा धक्का हा या सगळ्यांत वाचता येण्यासारखा प्रकार, म्हणून त्याच्यावरच मेहनत घ्यावी.

मी असं करतो. प्रत्येक घोड्याच्या शेवटच्या तीन धावा काढायच्या आणि पहिल्या पाव मैलाला तो कुठे होता ते बघायचं. पहिला किंवा पहिल्यापासून एका लेंग्थच्या आत असेल तर खूण करायची. तिन्ही धावांत खूण असलेला घोडा म्हणजे पुढे राहिल्याशिवाय पळता न येणारा. असा एकच असेल तर पेस मंद राहील, मागचे घोडे विसरा. दोन असतील तर जॉकी एकमेकांना सांभाळून घेऊ शकतात. चार किंवा जास्त असतील तर कोणीतरी भाजणार. मग त्यांचे गेट बघायचे: शेजारी असतील तर भांडण नक्की, लांब असतील तर बाहेरचा कधी कधी माघार घेतो. ब्लिंकर, म्हणजे बाजूचं दिसू न देणारी डोळ्यांची झापडं, हा बदलही तपासा. पहिल्यांदा झापडं लावलेला घोडा बरेचदा अपेक्षेपेक्षा सुसाट सुटतो. २०१३ ला पॅलेस मॅलिसचं तेच झालं, आणि ४५.३३ चा पेस त्यानेच काढला.

त्यानंतर मागून येणाऱ्यांची यादी. त्यातून अंतर न झेपणारे वंशावळीवरून कमी करायचे. उरलेल्यांना, बोर्डावरचा भाव बघण्याआधी, टक्के द्यायचे. हा क्रम पाळाच, भाव बघून दिलेले टक्के म्हणजे भावाचीच नक्कल असते. आणि सगळ्या वीस घोड्यांची बेरीज १०० झालीच पाहिजे. नवख्या माणसाची बेरीज हमखास १३०-१४० ला जाते, कारण प्रत्येक आवडत्या घोड्याला तो उदारपणे वाटत सुटतो. बेरीज १०० वर आणताना जे घोडे कापायला जिवावर येतं, तिथेच तुमचं खरं मत असतं.

मग पैसे. समजा हातात १००० डॉलरचं भांडवल आहे आणि रिच स्ट्राइक तुमच्या मते २ टक्क्यांचा आहे. अपेक्षित फायदा ०.६४, त्याला भाव ८०.८ ने भागलं की भांडवलाच्या ०.८ टक्के, म्हणजे आठ डॉलर निघतात. हे तुमचा अंदाज अचूक असेल तर. तो नसतो, म्हणून त्याचा पाव भाग: दोन डॉलर. हसू येईल, पण ऐंशीच्या घोड्यावर हजारवाल्याने लावायची रक्कम एवढीच आहे. खरोखर २ टक्क्यांचे घोडे निवडत गेलात तरी सलग पन्नास हरण्याची शक्यता ३६ टक्के आहे, सलग शंभर हरण्याची १३ टक्के. याला पुरेल एवढं भांडवल आणि एवढा धीर नसेल तर हा प्रकार करूच नका.

वीस घोड्यांच्या मैदानात शो तिकीट (घोडा पहिल्या तिघांत आला की पैसे) हा जास्त शहाणा मार्ग असतो. रिच स्ट्राइकला दोन डॉलरवर प्लेसला (पहिल्या दोघांत) ७४.२० आणि शोला २९.४० मिळाले. मागून येणारा मध्यम घोडा पेस कोसळल्यावर जिंकतो क्वचित, पण थकल्या घोड्यांना ओलांडत दुसरा-तिसरा बऱ्याचदा येतो. २०१३ चा गोल्डन सोल हेच उदाहरण. ट्रायफेक्टात (पहिले तीन घोडे क्रमाने सांगायचं तिकीट) दुसऱ्या-तिसऱ्या जागी त्याला बसवता येतं, मात्र तिथे कपात २२ टक्के आहे हे लक्षात ठेवून.

शेवटचा मुद्दा पुढच्या शर्यतीबद्दल, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच जातात. कोसळलेल्या पेसमधून जिंकलेला घोडा पुढच्या वेळी छोट्या भावाने घेऊ नका. बेलमाँटमध्ये रिच स्ट्राइकचा भाव एकाला दहाच्या खाली होता. पेस मंद राहिला, तो सहावा आला आणि डर्बीत पाचवा असलेला मो डोनेगल जिंकला. डर्बीनंतर रिच स्ट्राइकने एकही शर्यत जिंकली नाही. अशा शर्यतीतून वहीत लिहून ठेवायचं नाव असतं ते पेसच्या मागोमाग राहून, वेळेआधी पुढे येऊनही शेवटपर्यंत लढलेल्या घोड्याचं. २०२२ मध्ये तो एपिसेंटर होता. प्रीकनेसमध्ये मंद पेसमागे अडकून तो पुन्हा दुसरा आला, पण ऑगस्टमध्ये ट्रॅव्हर्स जिंकला, रिच स्ट्राइक तिथे चौथा होता, आणि वर्षाअखेर तीन वर्षं वयाच्या नर घोड्यांतला विजेता म्हणून एपिसेंटरचीच निवड झाली.